भोकांचा पत्रा

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि त्यातल्या एकात मी भौतिकशास्त्र शिकवत होते. दिवाळीत सूर्यग्रहण येणार म्हणून पोरांना बुटाच्या खोक्याची सूर्यपेटी करायला शिकवली. एका टोकाला चंदेरी कागदात टाचणीचं भोक, दुसऱ्या टोकाला आतून पांढरा कागद. भोकातून सूर्याचं चित्र कागदावर उमटतं आणि डोळ्यांना इजा होत नाही. माझी पेटी मी मोठ्या हौसेनं सणाला सासरी नेली.

सासर भूकंपातल्या गावांपैकी. घर पडलेलं, त्यामुळे सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. मला सहावा महिना होता. भूकंपानंतर त्या घरातलं हे पहिलं बाळंतपण, म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला तळहाताच्या फोडासारखं जपत होत्या. पेटी पाहताच त्यांनी ती ज्वारीच्या पोत्यांमागे टाकली.

"गिऱ्हानात भाईर पाऊल टाकायचं न्हाई. चिरायचं न्हाई, घडी घालायची न्हाई. लेकराचा व्हट तुटतो."

"आत्याबाई, तसं काही नसतं."

"आसू दे न्हाईतर नसू दे. आपल्याला आता काई गमवायचं न्हाई."

ग्रहणाच्या सकाळी त्यांनी खिडकीला वाकळ लावली, दाराच्या फटीत पोती कोंबली आणि माझ्यापाशी पहाऱ्याला बसल्या. मी मनात चरफडत होते. शिकवणारी मी, आणि ग्रहण बघणार माझी क्लासमधली पोरं!

पत्रे मात्र जुने होते, दुसऱ्या कुठल्या तरी छपरावरचे, खिळ्यांच्या भोकांनी भरलेले. शेडमध्ये मिट्ट काळोख झाला तसे पूर्वेच्या भोकांतून समोरच्या पत्र्यावर सूर्याचे गोल ठिपके उमटले. हळूहळू प्रत्येक ठिपका एका बाजूनं कुरतडला जाऊ लागला. ग्रहण बाहेर ठेवायच्या नादात आत्याबाईंनी अख्ख्या शेडची सूर्यपेटी करून ठेवली होती! मला हसू आवरेना.

"काय झालं गं हसायला?"

मी बोट दाखवलं. भिंतीवर, घागरीवर, माझ्या पोटावर उन्हाच्या कोरीच कोरी. त्या दचकल्या. झटकन माझ्या पोटावर आपला पदर टाकला, तर पदरावरही कोरी. मग दोन्ही हातांनी पोट झाकलं, तर हातावरही एक. भीतीनं त्यांचा चेहरा पार उतरला. तेवढ्यात बाळानं लाथ मारली, थेट त्यांच्या तळव्याखाली.

त्या थांबल्या. पुन्हा एक लाथ बसली.

"आगं, हे तर नाचाय लागलंय!" म्हणाल्या आणि खदखदून हसल्या. भूकंपानंतर त्यांचं तसं हसू मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग ग्रहण सुटेपर्यंत आम्ही दोघी कोरी बघत बसलो. "ही बघ, ही लई बारीक झाली," असं त्याच मला दाखवत होत्या.

लेक झाली, ओठ शाबूत. बारशाला आत्याबाईंनी झाडून साऱ्या बायांना ऐकवलं, "हिनं पोटातनंच गिऱ्हान बघितलंय." नवं घर झाल्यावर पत्रे मोडीत निघाले, पण एक त्यांनी देऊ दिला नाही. न्हाणीवर बसवून घेतला. पावसाळ्यात तो धो धो गळायचा. कुणी डांबर घेऊन बुजवायला निघालं की त्या आडव्या यायच्या.

"ऱ्हाऊ द्या भोकं. पोरीला दाखवायचंय मला."