घोड्याच्या पट्टीतलं प्यादं

बुद्धिबळाच्या स्पर्धेत यंत्राला बसू द्यावं की नाही, यावर ऐंशीच्या दशकात आमच्या रत्नागिरीत एक अख्खी संध्याकाळ भांडण झालं. 'बसू द्या' म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारा मी होतो. काळाबरोबर चालायला हवं वगैरे बरंच बोललो. खरं कारण वेगळं होतं.

मी तेव्हा मिरजोळ्याला एका कारखान्यात नोकरीला होतो आणि वाचनालयाच्या वार्षिक स्पर्धेत ओळीने पाच वर्षं दुसरा येत होतो. पहिले यायचे ते एक निवृत्त गुरुजी. शाळेत पाढे त्यांनीच मला शिकवले होते आणि पटावर अजूनही तेच शिकवत होते. त्या वर्षीची स्पर्धा आटोपली की ते कायमचे ठाण्याला मुलाकडे जाणार होते. म्हणजे पुढच्या वर्षी चषक बसल्या जागी माझा. पण गुरुजी गेले म्हणून मिळालेला चषक घेऊन बायकोला काय तोंड दाखवायचं? मला तो ते असतानाच हवा होता.

यंत्र होतं माझ्या एका मित्राचं. तो कुवेतला असायचा. रजेवर येताना अत्तरं आणि घड्याळं यांच्या जोडीला त्याने हा स्वतःच खेळणारा पट आणला होता. आपण घरावर बोट दाबून आपली चाल सांगायची, मग बारीक लाल दिवे लावून तो त्याची चाल दाखवायचा. मित्राला खेळ येत नव्हता, त्यामुळे महिनाभर मीच तिथे पडीक. एक गंमत माझ्या लक्षात आली. आपण त्याच चाली केल्या की यंत्रही नेमकी तीच उत्तरं देतं. पांढऱ्यांचा एक आणि काळ्यांचा एक असे जिंकायचे दोन डाव मी चक्क पाठ केले. बाकी कुणालाही ते यंत्र भारी होतं. गुरुजींचा काटा परस्पर निघेल आणि यंत्राला मी बघून घेईन, असा माझा हिशेब.

भांडणाच्या त्या सभेत गुरुजींनी एवढंच विचारलं, "हरल्यावर त्याला वाईट वाटतं काय रे?"

"नाय गुरुजी," मित्र म्हणाला.

"मग त्याला हरवून मजा ती काय?" सगळे हसले. शेवटी गुरुजीच म्हणाले, "बसू दे मेल्याला. चहाचा एक कप वाचला."

उपांत्य सामन्यात दोघांची गाठ पडली. गुरुजी देशी पद्धतीत वाढलेले. त्या पद्धतीत प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्याच्या पट्टीत असेल तेच मोहरं होतं, म्हणजे घोड्याच्या पट्टीत घोडाच. नव्या नियमात त्याचा कुठेही वजीर करता येतो. गुरुजींना हे ठाऊक होतं, पण डाव रंगला की त्यांचा हात जुना व्हायचा. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. समोर कोणीही असो, तो सांगायचा, "गुरुजी, वजीर होईल हां त्याचा!" गुरुजी जीभ चावून चाल फिरवायचे. मीही हे सांगून दोनदा हरलो होतो.

त्या दिवशी गुरुजी जिंकतच आले होते. यंत्राचं एक प्यादं घोड्याच्या पट्टीतून सरकत होतं आणि गुरुजींनी त्याला अडवणारा हत्ती खुशाल दुसरीकडे नेला. माझा उपांत्य सामना नुकताच जिंकून झाला होता आणि बाकी मंडळी शेजारच्या पटावर तोच डाव परत मांडून बघत होती. मित्र दिव्यांकडे डोळे लावून बसलेला. मी गुरुजींच्या पाठीमागे उभा होतो. वाक्य ओठांवर आलं आणि मी ते गिळलं.

प्याद्याचा वजीर झाला. गुरुजी हरले. सवयीने त्यांनी हात पुढे केला, आणि यंत्राला हात नाही म्हणून मित्राचा हातात घेतला.

अंतिम सामना मी पाढा म्हटल्यासारखा जिंकलो. टाळ्या पडल्या. मी खूश होतो, खोटं कशाला सांगू? चषक सायकलला बांधून वाजतगाजत घरी नेला.

गुरुजी निघणार त्या सकाळी पेढे घेऊन गेलो. सामान बांधून झालं होतं. पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, "यंत्राला तोंड नाय, त्याचा मला राग नाय. तू मागे होतास. तुझा श्वास लागत होता मानेला. तुला रे काय झालं होतं?"

प्रेक्षकाने बोलू नये असा नियम आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण निघालं भलतंच. "चषक हवा होता, गुरुजी." इतकी लाज वाटली की पेढ्यांचा पुडा उचलून पळावंसं वाटलं.

ते ठसका लागेपर्यंत हसले. मग बांधलेल्या वळकटीची दोरी सोडून त्यांनी पट बाहेर काढला. "बस. गाडीला दीड तास आहे."

तेवढ्यात त्यांनी मला दोनदा हरवलं. दुसऱ्यांदा हरताना मला रडू यायला लागलं, कारण आता मला हरवणारं गावात कुणी उरणार नव्हतं.