दत्ताचा एक पगार

आमच्या टूलरूमचं एक आहे, कामाचं बोलणं पाच मिनिटांत उरकतं आणि दुसऱ्याच्या संसाराचं बोलणं शिफ्ट सुटली तरी संपत नाही. किस्से साठतात ते असे. कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर कुणी एक सुरू केला की त्याच्या पाठोपाठ दुसरा येतोच. गेलं वर्षभर या टेबलावर एकच विषय चाललाय. आमचा दत्ता बायको आणि दोन पोरं घेऊन जर्मनीला गेला, तिथं त्याच्या एका पगारात भागतंय का? संसार दत्ताचा आणि झोप उडालीय आमची! मी त्याचा सुपरवायझर होतो, त्यामुळं माझी जरा जास्तच.

*

दत्तानं ऑफर आल्याचं सांगितलं तेव्हा बापू शेलारनं आधी मोबाईल काढला. बापू दौंडहून कंपनीच्या बसनं येतो आणि तेवढ्या प्रवासात सगळ्या जगाची माहिती गोळा करून रांजणगावला उतरतो. त्यानं युरोचे रुपये केले आणि मोबाईल टेबलावर फिरवला. ज्याच्या हातात गेला त्यानं शून्यं परत मोजली.

"एवढ्यात माझं परत एकदा लग्न होईल," बापू म्हणाला.

पगाराचे रुपये झाले, पण खर्चाचे रुपये कुणीच केले नाहीत. भाडं किती, लाईटबिल किती, थंडीचे कपडे किती, काही विचारलं नाही. वर प्रत्येकानं सल्ला दिला. यातला एकही गोव्याच्या पुढं गेलेला नाही.

*

निघायच्या आधी दत्तानं आम्हाला शिरूरच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. त्याचे वडील, आप्पा, मांडवगण फराट्याहून आले होते. आप्पांची बागायत आहे, ऊस आणि कांदा. गावच्या सोसायटीचे ते चेअरमनही होते. माणूस कमी बोलतो, पण बोलला की मीटिंग संपते.

आप्पांचा या जाण्याला विरोध होता. तिकडं सुनेला लगेच नोकरी करता येणार नाही, आधी भाषेची परीक्षा द्यायची. मग एका पगारात चार तोंडं कशी भागायची, असं त्यांचं म्हणणं. दत्ता जरा फुशारकीत आला. म्हणाला, इथं नाही का माझ्या एका पगारात घर चालत!

आता हे घर कसं चालत होतं ते आम्हाला माहीत होतं. ज्वारी, बाजरी, गहू, शेंगदाणे, कांदा सगळं मांडवगणहून यायचं. एसटीच्या ड्रायव्हरजवळ दुधाची किटलीसुद्धा यायची. आणि दत्ताची बायको रेखा शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. फ्लॅटचा हप्ता तिच्या पगारातनं जायचा. ती भाकरी वाढत होती, ती न थांबता म्हणाली, "एक पगार? मग माझा कुणाच्या घरी जातो?"

दत्ताचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण आप्पाही ताटात बघायला लागले. कारण सुनेची नोकरी त्यांना कधीच पटली नव्हती. रेखा दौंडची, रेल्वे कॉलनीत वाढलेली, तिच्या घरी आईही ड्यूटीला जायची. आप्पांच्या घरात बाईमाणूस दुसऱ्याच्या चाकरीला गेलेलं नव्हतं. नाइट ड्यूटी म्हटली की ते उठून गोठ्याकडं जायचे. पाहुण्यांनी विचारलं, सून काय करते, तर म्हणायचे, "शिरूरला असती," आणि उसाचा विषय काढायचे.

*

सामानाचा किस्सा तर बापू अजून नक्कल करून सांगतो. दत्ताच्या आईंनी बाजरीचं पीठ, कुरडया, काळा मसाला, शेंगदाणे असं भरभरून दिलं. आप्पांनी बॅगा वरवंडला ओळखीच्या कांदा व्यापाऱ्याच्या काट्यावर नेऊन मोजून आणल्या. म्हणाले, बरोबर हायेत, बिनघोर जा.

विमानतळावर प्रत्येक बॅग थोडी थोडी जास्त भरली. दत्तानं आत काउंटरवरनं बाहेर उभ्या आप्पांना फोन लावला. आप्पा म्हणाले, त्या काउंटरवरच्या पोरीला दे फोन. पोरगी मराठीच निघाली. आप्पांनी तिला शांतपणे समजावलं, "ताई, आमचा माल घेताना व्यापारी गोणीमागं कडता कापून घेतो. त्या हिशेबानंच वजन केलंय. आता कडता तुम्ही धरायचा."

म्हणजे गोणीचं वजन म्हणून व्यापारी जे कापतो, ते आप्पांनी आपल्या आपणच बॅगेच्या वजनातनं कापून टाकलं होतं! आयुष्यभर व्यापाऱ्यानं त्यांना कापलं, एक दिवस त्यांनी विमानाला कापायला घेतलं. त्या पोरीला हसू आवरेना, पण तिनं कडता धरला नाही. शेवटी दत्ताचे बूट आणि जॅकेट बाहेर निघालं, पीठ आत गेलं. तो जर्मनीत उतरला तो चपलेवर.

*

इथं आमची घरं पगारावर चालत नाहीत, ओव्हरटाइमवर चालतात. पगार हप्त्यांना जातो, ओटीवर दिवाळी होते. दत्ता तर ओटीचा राजा. तिकडंही पहिल्याच आठवड्यात शिफ्ट संपल्यावर तो मशिनपाशीच थांबला. फोरमननं घरी जा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी हा परत थांबला. तिसऱ्या दिवशी फोरमननं त्याला केबिनमध्ये नेलं, दार लावलं, कॉफी दिली आणि फार हळू आवाजात विचारलं, "घरी बायकोशी सगळं ठीक आहे ना?"

हा म्हणाला, ठीक आहे. फोरमनला ते पटलं नाही. त्यानं कंपनीच्या समुपदेशक बाईंची वेळ घेऊन दिली. फोनवर दत्ता हे सांगत होता आणि इकडं टेबल हसून हसून आडवं झालं होतं. मीही हसलो. मग दत्ता म्हणाला, "साहेब, ओटी नाही म्हणजे नाहीच इथं. जो पगार हाय, तोच हाय." त्यावर मात्र एकेकानं आपला चहाचा कप उचलला.

*

दर रविवारी आप्पा व्हिडिओ कॉल लावायचे आणि एकच विचारायचे, "भागतंय का?" दत्ता म्हणायचा, भागतंय. कॉल संपला.

एका रविवारी आप्पांनी स्क्रीन जवळ घेतली. दत्ताचे केस एका कानावर वर, दुसऱ्यावर खाली. आप्पांनी विचारलं, हे कुणी भादरलंय? मागनं रेखाचा आवाज आला, "मी. आधी पोराचे कापले, मग यांचे. शिकतीय अजून." तिकडं कटिंगला काय घेतात ते आप्पांनी विचारून घेतलं. त्या दिवशी ते भागतंय का म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन. "साहेब, खरं सांगा. पोरगं माझ्याशी खोटं बोलतंय का न्हाई?"

मी काय सांगणार? खरं तेच सांगितलं. तिथं एका पगारात चौघं जगतात, उपाशी कुणी नाही, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही आणि शिरूरच्या फ्लॅटचे हप्ते चढत चाललेत. रेखा भाषेची परीक्षा पास झालीय. हॉस्पिटलनं बोलावलंय. पण ड्यूटी सकाळी सहाची, दत्ताची शिफ्टही सहाची, आणि धाकटीची बालवाडी उघडते त्यानंतर तासाभरानं. लवकर उघडणाऱ्या बालवाडीत जागा मिळालीय, पण ती उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. मधले तीन महिने पोरांना बघायला कुणी नाही, आणि हॉस्पिटल तीन महिने थांबत नाही. रेखाची ही नोकरी गेली तर दिवाळीला सगळे परत येणार. दत्तानं मला त्याची इथली जागा विचारूनही ठेवली होती.

आप्पांनी ते तीन महिने कुठले, ते विचारून घेतलं आणि फोन ठेवला.

*

सगळ्यांनी धरलं की पोरं सांभाळायला आई जातील. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. मग आप्पाच म्हणाले, मी जातो. ज्या माणसानं घरात कधी पाण्याचा तांब्या स्वतः घेतला नाही, तो म्हणाला मी जातो!

माझी बायको म्हणाली, आप्पांना आठ दिवस आपल्याकडं शिरूरला बोलवा, मी घरकाम शिकवते. ते आले, पिशवी घेऊन. पहिल्या दिवशी चहा ऊतू गेला, दुसऱ्या दिवशी पातेलं जळालं. चौथ्या दिवशी मऊभात जमला. माझी बायको तशी कुणाची भीड ठेवत नाही. तिनं माजी चेअरमनना ओटा परत पुसायला लावला आणि त्यांनी तो पुसला.

नातीची वेणी घालता आली पाहिजे म्हणून माझी आठवीतली पोरगी समोर बसवली. आप्पांनी आयुष्यभर बैलांचे कासरे वळलेले. तीन पेड घेतले आणि असे काही आवळले की पोरीच्या भुवया वर गेल्या.

"आप्पा, मी पळून नाही जाणार," ती म्हणाली.

*

व्हिसासाठी त्यांना मी माझ्या गाडीतनं पुण्याला नेलं. शिक्रापूरपासून वाघोलीपर्यंत एकच घोकून घेतलं. कशाला चाललाय? मुलाला आणि नातवंडांना भेटायला. बास. काम हा शब्द तोंडातनं काढायचा नाही. नाहीतर तिथल्या साहेबाला वाटेल, म्हातारा कामाला चाललाय, आणि व्हिसा नाही म्हणाले तर रेखाची नोकरी तिथंच संपली. आप्पा प्रत्येक वेळी व्हय म्हणत होते. ते सोसायटीच्या सभेला घालतात ती कडक टोपी घालून आले होते.

काउंटरवर चष्मेवाली मुलगी होती. तिनं कागद चाळले, टोपीकडं बघून मराठीत आली आणि विचारलं, "आजोबा, कशासाठी चाललाय?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी टोपी नीट केली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"सून नर्स हाय आमची. सकाळी सहाला ड्यूटी असती. तिला उशीर झालेला चालत न्हाई."