तुटक्या पुलापलीकडचं गाव

एक्सपान्शनबद्दल माझी मतं फार ठाम आहेत. ती ऐकून घेणारं माणूस आता घरात नाही, म्हणून इथे लिहिते.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरवरचे रोल-प्लेइंग गेम म्हणजे नुसती मारामारी नव्हे. आपण एक माणूस व्हायचं, वाटेत भेटतील त्या चार-पाच जणांची टोळी जमवायची आणि एका मोठ्या नकाशावर महिनोन्महिने भटकायचं. कुणी काही विचारलं की पडद्यावर उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं, आणि जे बोललो ते पुढे निस्तरायचं. असा गेम लोकांना आवडला की वर्षा-दोन वर्षांनी कंपनी त्यालाच एक नवा भाग जोडते. नवा प्रदेश, नवी माणसं, नवी भानगड. ते एक्सपान्शन.

माझ्या मते त्याचे दोनच प्रकार. एक, गोष्ट संपल्यानंतर सुरू होणारं. हे मला मुळीच सहन होत नाही. राक्षस मेला, राज्य वाचलं, टोळीतले सगळे आपापल्या वाटेने गेले, आपलेही डोळे पुसून झाले. आणि मग म्हणे थांबा, अजून एक राक्षस आहे, याच्याहून मोठा. निरोप घेऊन गेलेला पाहुणा विसरलेली छत्री न्यायला परत येतो आणि पुन्हा तासभर बसतो, तसला प्रकार. दुसरं म्हणजे गोष्टीच्या मध्येच एखादा बंद रस्ता उघडणारं. ते खरं एक्सपान्शन. कारण टोळी अजून एकत्र असते. शेवट आपल्याला माहीत असतो, त्यांना नसतो. शेकोटीभोवती बसून ती आपली जेवणावरून भांडत असतात. मला तेवढंच हवं असतं. दहा लांडगे मारून कातडी आणा वगैरे कामं ज्यांना हवीत त्यांनी ती खुशाल करावीत.

माझ्या नवऱ्याची आणि माझी ओळखही अशाच एका मतावरून झाली. कोरमंगलातल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मी फोनवर माझ्या मामेभावाला तावातावाने सांगत होते की गेममध्ये औषधाच्या बाटल्या साठवून ठेवणारे लोक बिनडोक असतात, जखम झाली की प्यावी ना! मागच्या टेबलावरून शुद्ध मराठीत आवाज आला, "आणि शेवटच्या लढाईत काय करता मग?" मी वळून पाहिलं. पुण्याहून नुकताच आलेला, पीजीत राहणारा, डब्यातल्या पोळीचा घास हातात तसाच. ऑफिसात कुणी मराठी बोलतं याचं मला आश्चर्य वाटलं, आणि इतकं चुकीचं बोलतं याचा राग आला. लग्न झालं तरी बाटल्यांबद्दल त्याचं मत बदललं नाही. "असू दे गं, लागेल कधीतरी," असं म्हणून तो टोळीच्या पाठीवर ओझं वाढवत राहायचा. शेवटच्या लढाईतही त्यातल्या अर्ध्या बाटल्या उरायच्या.

आम्ही इथले जुने. आमची माणसं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरूला आली आणि राहिली. चिकपेटेत काकांचं कापडाचं दुकान आहे. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की कुठलं काय ते आम्हाला वेगळं करता येत नाही. माझा नवरा सुरुवातीला तिला हसायचा. मी "स्वल्प थांब" म्हटलं की तोंड वेडावायचा. मी एकदा चिडून दोन दिवस त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलले, तेव्हा वठणीवर आला.

एचएसआर लेआउटमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये शनिवारची सकाळ या गेमची असे. कोपऱ्यावरच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलातून, इडली-वडा आणायचा, लॅपटॉप टीव्हीला जोडायचा. माउस त्याच्या हातात, वाचन माझ्याकडे. आमच्या सगळ्यात लाडक्या गेममध्ये आवाज जवळजवळ नव्हते, नुसती लिहिलेली इंग्रजी वाक्यं. ती मी वाचता वाचता मराठीत करायची, आणि हळूहळू टोळीतल्या प्रत्येकाला आपापली बोली मिळाली. बुटका लोहार माझ्या काकांसारखा बोलायचा, "अण्णा, तुमच्यासाठी म्हणून स्वल्प कमी करतो, ह्याच्या खाली होत नाही नोडी, बघा." लांब कानांचा धनुर्धारी नवऱ्याच्या पुण्याच्या आत्यासारखा, "आपण न विचारता आत आलात, हरकत नाही, चपला तेवढ्या बाहेर." धनुर्धाऱ्याचं वाचन नवरा स्वतः करायचा, कारण तो टोमणा मला जमत नसे. आणि जखमा बऱ्या करणारी एक उंच, अबोल बाई होती, तिला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का माझ्या आवाजात, माझ्या घरच्या मराठीत बोलायची. त्या बोलीला हसणं त्याने कधी थांबवलं ते माझ्याही लक्षात आलं नाही. एका शनिवारी तो स्वयंपाकघरातून ओरडला, "अगं, स्वल्प साखर घालू का जास्त?" मी दिवसभर खूश होते.

या अक्काचं घर नदीपलीकडे. शेकोटीपाशी एकदा ती तसं सांगते आणि पुढे विषय काढत नाही. नकाशाच्या पूर्वेला नदी आहे, तिच्यावर एक तुटका पूल, आणि पलीकडच्या काठावर आठ-दहा घरं आणि त्यांच्यातून निघणारा धूर. तिथे जायला काही मार्ग नाही. पोहून जाऊन पाहिलं, उड्या मारून पाहिलं. माझं म्हणणं, ते नुसतं चितारलंय, देखावा आहे. त्याचं म्हणणं, "कुणी उगाच धूर काढत नाही. एक्सपान्शनमध्ये पूल जोडणार बघ." मी म्हटलं, बरं, मग आपण इथेच थांबू. पुलाच्या अलीकडे शेकोटी पेटवून आम्ही सगळ्यांना बसवलं आणि तिथे गेम सेव्ह करून ठेवला. शेवट पाहायचा होता तो दुसऱ्या वेळी वेगळा खेळून पाहिला. ही टोळी मात्र तिथेच ठेवायची, पूल झाला की दोघांनी मिळून अक्काला घरी पोचवायचं, असं ठरलं. हसायला येईल, पण आमच्या संसारात इतकं पक्कं ठरलेलं दुसरं काही नव्हतं.

आमचं का बिनसलं हे मला अजून धड सांगता येत नाही. कुणी कुणाला फसवलं नाही, हात उगारला नाही. पडद्यावरच्या खोट्या राजाला काय उत्तर द्यावं यावर आम्ही अर्धा अर्धा तास हुज्जत घालायचो. घरात एकाने "काय झालं?" विचारलं की दुसरा "काही नाही" म्हणायचा, आणि विचारणाऱ्यालाही ते बरंच वाटायचं. पुढे शनिवारी दोघं दोन खोल्यांत दोन लॅपटॉप घेऊन बसू लागलो. मग त्याचं ऑफिस व्हाइटफील्डला गेलं आणि जाण्यायेण्यात जीव जातो म्हणून त्याने के. आर. पुरमला एक खोली घेतली. आधी फक्त कामाच्या दिवसांपुरती, नंतर कायमची. एकाच शहरात दोघं, पण सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीतून इकडून तिकडे जायचं म्हणजे परगावी निघाल्यासारखं. त्या गर्दीचं निमित्त दोघांनाही सोयीचं होतं. शेवटी रीतसर वेगळे झालो. वाटणी करताना भांडणही झालं नाही याचंच मला रडू आलं.

एक गोष्ट मात्र वाटायची राहून गेली. आमचे सगळे गेम एकाच खात्यावर घेतलेले होते. अशा खात्याचा नियम असा की एका वेळी एकानेच खेळायचं. एकजण खेळत असताना दुसऱ्याने सुरू करायचा प्रयत्न केला तर सूचना येते, की हे खातं दुसरीकडे वापरात आहे, इथे सुरू केलंत तर तिथला खेळ बंद पडेल, पुढे जायचं का? दोन खोल्यांच्या दिवसांत मी मुद्दाम "हो" दाबायची आणि आतून "अगं बाई, काय हे!" असं ऐकू आलं की गालातल्या गालात हसायची.

वेगळे झाल्यावर पहिल्यांदा ती सूचना आली तेव्हा माझा हात माउसवर तसाच राहिला. शनिवारची सकाळ होती. म्हणजे तो उठलाय, चहा झालाय, खेळायला बसलाय. मी "नाही" दाबलं आणि लॅपटॉप मिटला. त्यानंतर ती माझी सवयच झाली. खेळायचं नसलं तरी मी शनिवारी बटण दाबून बघायची, सूचना आली की "नाही" म्हणायची. जेवायला चिकपेटेला गेले की आई विचारायची, "त्याचं काही कळतं का गं? बरा आहे ना?"

"बरा आहे."

"तुला फोन करतो?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

मी म्हणायची, "कळतं." मग आई म्हणायची, "सरी, बरं. वाढते, बस." माझ्याकडून याहून जास्त काही निघत नाही हे तिला माहीत होतं.

एकदा ऑफिसात सगळ्यांसमोर बोलणी खाऊन आले होते, सगळ्या जगाचा राग आला होता, तेव्हा मी "हो" दाबलं. जरा वेळाने त्याचा मेसेज आला. "सेव्ह केलं नव्हतं गं." कितीतरी महिन्यांनी आलेला पहिला मेसेज. मी लिहिलं, "सॉरी, चुकून." त्याने लिहिलं, "असू दे." मी ते दोन शब्द किती वेळा वाचले ते सांगत नाही.

आणि मग यंदा एक्सपान्शन जाहीर झालं. जाहिरातीत पहिलंच दृश्य तो पूल, जोडलेला. मी ती पुन्हा लावून पाहिली. त्याचं खरं ठरलं होतं, धूर उगाच नव्हता. आणि प्रकारही माझ्या आवडीचा, शेवटाच्या आधी उघडणारा. दोघांचंही ऐकून कुणीतरी बनवावं तसं झालं होतं ते. मी ते आमच्या खात्यावर घेऊन टाकलं, म्हणजे त्यालाही मिळेल. जुनी टोळी तर तिथेच होती, पुलाच्या अलीकडे. मनात काय होतं ते आता मोकळेपणाने सांगते. मला वाटत होतं की तो मेसेज करेल. फार काही नको होतं. ये, एवढा पूल ओलांडू, इतकंच.

पहिल्या शनिवारी मी अंघोळ करून, इडली-वडा आणून लॅपटॉपसमोर बसले. बटण दाबलं. सूचना आली नाही. मी पटकन गेम बंद केला, म्हटलं उठला नसेल अजून. दुपारी पुन्हा दाबलं, नाही. रविवारी नाही. पुढच्या शनिवारीही नाही. मग आजारी असेल, असं डोक्यात घेतलं आणि तेवढं निमित्त करून मीच विचारलं, "बरा आहेस ना? पूल उघडलाय, पाहिलंस का?"

उत्तर लगेच आलं. "मस्त आहे मी. खेळतोय की! मी म्हटलं होतं ना, पूल जोडणार." त्याच्या पाठोपाठ दुसरं. "मी स्वतःचं वेगळं खातं काढलं गं. तुला सारखी अडचण नको व्हायला."

मला अडचण होत नव्हती, हे मी टाइप केलं आणि पुसलं. मग विचारलं, "पण आपली टोळी? ती तर या खात्यावर आहे."

"ती राहू दे तुझ्याकडे. मी नव्याने सुरू केलं."

त्यात काही वाईट नव्हतं. उलट समजूतदारपणाच होता, तो पहिल्यापासून तसाच आहे. मी "छान" असं लिहिलं आणि मग खूप रडले, वेगळं होताना रडले नव्हते इतकं.

पूल शेवटी मी एकटीने ओलांडला. टोळी हळूहळू चालत होती, कारण पिशवीत त्याने साठवलेल्या त्या सगळ्या बाटल्या अजून तशाच आहेत. त्या विकवत नाहीत आणि पिववत नाहीत. गाव सुंदर केलंय, हे मान्य करायला हवं. इतकं चांगलं एक्सपान्शन मी पाहिलं नाही आणि कुणी विचारलं तर नक्की घ्या म्हणून सांगेन. अक्काच्या घराचं दार तिच्या म्हाताऱ्या बापाने उघडलं. तो काय म्हणाला ते मी मोठ्याने वाचलं, आमच्या घरच्या मराठीत. मग अक्का बोलली, तेही वाचलं. मग लांब कानांच्या धनुर्धाऱ्याचं वाक्य आलं. ते मी मनातल्या मनात वाचलं आणि पुढे गेले.

शनिवारी मी अजूनही खेळते. बटण दाबलं की क्षणभर हात माउसवर तसाच ठेवते. मग गेम लगेच सुरू होतो.