मुलगा आधी की मुलगी आधी

अर्जुनी मोरगावात आमचा फोटो स्टुडिओ होता. त्यात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर एकच खुर्ची. ती खुर्ची माझी. नव्व्याण्णव साली जुना कॉम्प्युटर विकत घेतला तेव्हा त्याच्यासोबत एक जाडं, पानं सुटलेलं डॉसचं पुस्तक आलं होतं. इंग्रजी मला वाचता यायचं, समजायचं मात्र निम्मंच. पण मी रोज दुपारी ते घेऊन बसायची आणि त्यातलं एकेक करून बघायची. हे बाहेर लग्नांचे फोटो काढायचे, मी आत पत्रिका टाइप करायची. बाजारात बायका मला "कॉम्प्युटरवाली बाई" म्हणायच्या. खोटं कशाला सांगू, ते ऐकायला मला फार गोड वाटायचं.

पुढे डिजिटल कॅमेरे आले. एकेका लग्नाचे शेकडो फोटो. नागपूरच्या लॅबला पाठवायचे तर सगळे एका मापाचे करा, नंबर टाका, मुलाकडच्यांचा अल्बम वेगळा, मुलीकडच्यांचा वेगळा. त्यासाठी मी एक बॅच फाइल लिहिली होती. कॉम्प्युटरला सांगायची कामं एकाखाली एक लिहून ठेवायची, की तो ती ओळीने करत जातो. फोल्डरची नावं त्या फाइलच्या पोटातच लिहिलेली. नवं लग्न आलं की फाइल उघडायची, जुनी नावं पुसायची, नवी घालायची, मग चालवायची. काळी खिडकी उघडून अक्षरं धावायला लागली की गिऱ्हाईक तोंडात बोट घालून बघत राहायचं.

मग धाकटी जाऊ आली. गोंदियाची. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. पहिल्याच आठवड्यात माझ्या मागे उभी राहून म्हणाली,

"ताई, तुमी दरवेळा फाइल कायले उघडून राहिल्या? नावं बाहेरून देता येतात ना."

"बाहेरून म्हंजे?"

तिने वाकून माझ्या फाइलीतली नावं पुसली आणि तिथे टक्क्याचं चिन्ह काढून पुढे एकचा आकडा लिहिला. दुसऱ्या जागी टक्का आणि दोन. मग काळ्या खिडकीत फाइलचं नाव लिहिलं आणि त्याच्याच पुढे जागा सोडून दोन फोल्डरांची नावं. एंटर. पहिलं नाव टक्का-एकच्या जागी जाऊन बसलं, दुसरं टक्का-दोनच्या. फाइल उघडली नाही, पुसली नाही. इतकी वर्षं मी जे करत होते ते तिने उभ्या उभ्या निकालात काढलं.

तो राग मी त्या दिवशी भाजीला फोडणी देताना काढला. सगळी भाजी करपली.

त्याहून वाईट पुढे होतं. आमच्याकडे तेव्हा धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे मोठ्या दिराशी, सरळ बोलत नसे. यांना काही सांगायचं तर ती मला सांगायची, मी यांना. म्हणजे तिची हुशारी यांच्या कानावर घालायची तीही माझ्याच तोंडाने.

"ती म्हणते, आता फाइल उघडायची गरज नाही," मी सांगितलं.

"तिले म्हना, लय चांगलं केलं," हे म्हणाले. "या सीझनले तिलेच बसू दे खुर्चीवर. काम लवकर होईन."

तिलेच बसू दे. मी ते तिला सांगितलं नाही. म्हटलं, बघू सीझन आल्यावर.

मध्ये एक लवकरचं लग्न आलं. ऑर्डर मुलीच्या घरची: एक अल्बम त्यांना, एक जावयाच्या घरी द्यायला. हे वरातीत फोटो काढत होते, दीर मुलीच्या मांडवात. जाऊ तेव्हा माहेरी गेलेली. मी फाइलचं नाव लिहिलं आणि पुढे दोन फोल्डर दिले, आधी मुलीचा, मग मुलाचा. ऑर्डर मुलीकडची, पत्रिका मीच छापलेली, तिच्यात मुलीचं नाव आधी. मग दुसरं काय देणार? पण जावेने बदललेल्या फाइलीत टक्का-एक म्हणजे मुलगा होता. चूक माझी नव्हती, आजही सांगते.

अल्बम छापून आले. मुलीची आई दुकानात बसूनच उघडायला लागली. तोवर जाऊ परत आली होती. वर सोनेरी अक्षरात मुलीचं नाव, आत पान उलटवलं की बँडपुढे नाचणारे बाप्ये, आणि नंतर जेवणारे.

"हे कोन जेवून राह्यले माह्या पोरीच्या अल्बमात?" ती म्हणाली. "आमच्या घरचं एक मानूस दिसत नाही. नाचाले तं आमचेही नाचले होते."

हे माझ्याकडे वळले. "काऊन वो, पाह्यलं नाही का तू?"

मी तोंड उघडणार तोच मागच्या खोलीचा पडदा हलला. जाऊ पुढे आली, डोक्यावर पदर घेऊन, आणि सरळ यांच्याशी बोलली.

"दादा, चूक माही आहे. पहिलं कोन अन् दुसरं कोन, हे मी कुठंच लिहून नव्हतं ठेवलं."

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "असू दे, बेटा."

असू दे, बेटा. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला "असू दे" कधी आलं नव्हतं. अल्बम परत छापायचे ठरले, मुलीची आई चहा पिऊन गेली, आणि मी आत जाऊन बसले. चूक कबूल करायलाही ती माझ्या आधी पोचली होती.

मग मी ते जुनं पुस्तक काढलं. डॉसमध्ये फाइलींची यादी दाखवायची कमांड असते, तिला मी डिर म्हणायची. तिच्यापुढे तिरकी रेघ मारून एखादं अक्षर लिहिलं की ती त्याप्रमाणे वागते, आणि अशी दोन अक्षरं कुठल्याही क्रमाने दिली तरी गोंधळत नाही. मग माझी फाइल का गोंधळावी? बरेच दिवस लागले. फाइलच्या नावापुढचा पहिला शब्द उचलायचा, तो तिरकी रेघ आणि "मुलगा" असा आहे का बघायचं, असेल तर त्याच्या पुढचं नाव मुलाचं म्हणून ठेवायचं, "मुलगी" असेल तर मुलीचं, मग बाकीच्यांना एकेक जागा पुढे सरकवायचं, आणि परत पहिल्यापासून. दोघांपैकी एक जरी नाव कमी असलं तर कामाला हात न लावता सांगायचं, कोण राहिलं ते.

झालं तेव्हा यांना दाखवलं. हे म्हणाले, "तिले इचारलं का, बरोबर हाये म्हनून?"

तिला बोलावलं. ती बसली माझ्या खुर्चीवर. उलटं देऊन बघितलं, एकच नाव देऊन बघितलं, काहीच न देता बघितलं. एकदाही चुकलं नाही. मी मनात म्हणत होते, चुकायचं तर नंतर चूक, पण हिच्यासमोर चुकू नको.

ती उठली आणि पदर सावरून यांना म्हणाली, "दादा, हे मले नसतं जमलं. कोर्सात आमाले हे शिकवलंच नाही. खुर्चीवर ताईच बसतील."

"बरं," हे म्हणाले. तिने म्हटलं म्हणून.

त्या उन्हाळ्यातली सगळी लग्नं मी त्याच खुर्चीवर बसून काढली. ती मागच्या खोलीत लसूण सोलत गाणं गुणगुणायची, आणि इकडे काळ्या खिडकीत अक्षरं धावत असताना मला तिचाच राग येत असायचा.