डुकराच्या तोंडातली लार्चची डहाळी

माझ्या नवऱ्याला, सिमोला, गावात सगळे 'पेंढावाला' म्हणतात आणि त्याचं डोकं फिरतं. आमच्या घरात पेंढ्याची एक काडी सापडायची नाही. तार, माती, लाकडाचा कीस आणि काचेचे डोळे, एवढ्यावर तो मेलेलं हरीण असं उभं करतो की कुत्री भुंकतात. झाडंपानं माझ्याकडे. कापडाची पानं कापायची, मेणात बुडवायची, एकेक शीर ओढायची. जनावर जिथे पडलं तिथलीच झाडी मागे हवी, हा त्याचा हट्ट. ओकच्या रानातलं हरीण बीचखाली उभं करा म्हटलं तर त्याला जेवण जात नाही.

जन्मभर दुसऱ्यांच्या शिकारी सजवल्या, पण आमच्या भिंतीवर साधं शिंगही नाही. सिमोला हवं होतं ते दलदलीतलं म्हातारं एकांडं रानडुक्कर. त्याच्या सुळ्यांचे घाव झाडांच्या बुंध्यांवर दिसायचे, ते स्वतः क्वचितच कुणाला दिसायचं. शिकार मंडळाच्या बैठकीत ठरलं, हे डुक्कर सिमोचं, दुसऱ्या कुणी त्याच्यावर बंदूक धरायची नाही. हे उठून बोलला तो तुनो, मंडळाचा प्रमुख आणि आमचा कूम. आमच्या लग्नाचा साक्षीदार तो, आणि आमच्या लेकीला, अन्काला, बाप्तिस्म्याला हातात धरणाराही तोच. सख्ख्या भावाशी आम्ही जमिनीवरून कोर्टात जातो, पण कूमशी आवाज चढवत नाही.

घाई होती ती सिमोच्या डोळ्यांची. नस सुकत चाललीय, पुढच्या हिवाळ्यात बंदुकीचं टोकही दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे हाच मोसम, नाहीतर कधीच नाही. पण सिमो इतका खुशीत की डुक्कर मिळण्याआधीच त्याने आमच्या बैठकीच्या खोलीत त्याचा कोपरा तयार केला. लव्हाळी, चिखल, आणि मागे लार्च. थंडीत ज्याची सुयांसारखी पानं पिवळी होऊन गळतात ते झाड. आमच्या सपाट मुलखात लार्च एकच, सिमोच्या बापाने दलदलीच्या कडेला लावलेला. त्याच्याखालीच सिमोचं मचाण. मी मेणाची एकेक सुई पिवळी करत बसले, बोटं भाजली, आणि त्या झाडाला मनसोक्त शिव्या घातल्या.

लार्च पिवळा झाला तसा तुनो आला. ओसियेकच्या दवाखान्यात त्यानेच नंबर लावला होता, गाडीही त्याचीच. "डोळे नीट तपासून घे, आणि चार दिवस अन्काकडे राहा," तो सिमोला म्हणाला. "डुक्कर काय ट्रेन पकडून जाणार आहे?" आम्ही हसलो. मी तर तुनोला वाटेत खायला घरचं तिखट सॉसेजही बांधून दिलं. किती मूर्ख मी!

आम्ही परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी तुनो एका रानडुकराचं डोकं आणि कातडं घेऊन दारात हजर. डॅन्यूबच्या बेटावर परदेशी पाहुण्याने मारलंय म्हणाला, मंडळाच्या जेवणापर्यंत अख्खं उभं करून हवं, मागे नदीकाठच्या वाळुंजाची झाडी कर. मी प्लमची दारू पुढे केली. तो नको म्हणाला. तुनो आणि दारूला नको? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

सिमोने साफ करायला जबडा उघडला. जिभेखाली डहाळी अडकली होती. आमचे शिकारी मारलेल्या जनावराच्या तोंडात जवळच्या झाडाची ताजी डहाळी ठेवतात, त्याचा शेवटचा घास म्हणून. उरलेली अर्धी शिकाऱ्याच्या टोपीत खोवतात. सिमोने ती डहाळी डोळ्यांपाशी नेली, बोटांनी चाचपली आणि माझ्या हातात दिली. पिवळ्या सुया. लार्च ओळखायला मला कुणाला विचारावं लागणार होतं?

पाहुण्याला कसली रीत ठाऊक! ती डहाळी तुनोनेच ठेवली. वाळुंजाची फांदी आमच्याकडे कुणी जनावराच्या तोंडात देत नाही, तो त्याचा अपमान. आणि ते आमचंच डुक्कर पडलं आमच्या मचाणापुढे, मग हात लार्चकडेच जाणार. आमच्याशी खोटं बोलायला तुनो कचरला नाही, पण डुकराला उपाशी पाठवायला कचरला.

मी चप्पल पायात घातली. त्याच्या दारात जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणार होते. सिमोने हात धरला. "थांब, जेला. आधी मला डुक्कर बनवू दे."

बनवलं. इतकं जिवंत काम त्याने आयुष्यात केलं नसेल. मागे वाळुंज, सांगितल्याप्रमाणे. मी पानं केली आणि रडले, दोन्ही एकदमच.

जेवणाच्या दिवशी मंडळाच्या घरात मी सगळ्यांना माशाचा रस्सा वाढत होते. तुनोने डुकरावर झाकलेली चादर ओढली. वाळुंजाच्या झाडीत डुक्कर उभं, आणि त्याच्या तोंडात लार्चची पिवळी डहाळी. डहाळी मेलेल्या जनावराला देतात, सजवलेल्याच्या तोंडात ती कधीच नसते.

सिमो त्या अधू डोळ्यांनी एकेकाकडे बघत होता. कुणीतरी विचारेल, डॅन्यूबच्या बेटावर लार्च कुठून आला? कुणीतरी तुनोवर ओरडेल. कुणी विचारलं नाही. एकेक मान ताटात गेली. शेवटी सिमोच्या बापाबरोबर शिकारीला जाणारा म्हातारा ब्लाझ म्हणाला, "सिमो, छप्पर गळत होतं रे. पाहुण्याने नवं करून दिलं."

मी वर बघितलं. नवी लाल कौलं. त्याखालीच आम्ही जेवत होतो, आणि ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हा दोघांना.

सिमोने डुकराच्या तोंडातली डहाळी काढली आणि मोडून अर्धी केली. ती तुनोच्या टोपीत नीट खोवली आणि भाग्यवान शिकाऱ्याचा घेतात तसा त्याचा हात हातात घेतला.

"डुक्कर पाहुण्याने मारलं," तो म्हणाला. "मला तू मारलंस, कूम."

तुनोने टोपी काढली नाही, ती डहाळीही काढली नाही. आम्ही रस्सा तसाच टाकून घरी आलो.

बैठकीच्या खोलीतला कोपरा अजून आहे. लव्हाळी, चिखल, लार्च, आणि मधे डुकराएवढी रिकामी जागा. मी आवरायला निघाले तर सिमो म्हणाला, राहू दे. आता त्याला त्यातला पिवळा रंग तेवढा दिसतो.