कमलच्या कलकत्त्यात

शेगावच्या फलाटावर हावड्याची गाडी शिरली तेव्हा नुकतं फटफटत होतं. विमलनं एका हातात दशम्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात माझा दंड घट्ट धरला होता, जणू गाडीत चढायच्या आधीच मी हरवणार होते. बायकांच्या डब्यात जागा मिळाली. विमल खिडकीशी बसली आणि गाडी हलायच्या आत तिनं डबा उघडला.

आम्ही दोघी खामगावच्या मुलींच्या शाळेत मास्तरणी. दिवाळीची सुट्टी होती. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि आमच्याकडे दोन बायका एकट्या कलकत्त्याला निघाल्या हे कळल्यावर अर्धी गल्ली निरोप द्यायला, म्हणजे खरं तर बघायला, आली होती. सगळ्यांना आम्ही सांगितलं की कलकत्ता पाहायला जातोय. मी मात्र कमलला आणायला चालले होते.

कमल माझी अमडापूरची मैत्रीण. एका बाकावर शिकलो, एका विहिरीवर धुणी धुतली, पुढे खामगावात एका खोलीत राहून ट्रेनिंगही एकत्रच केलं. मला नोकरी लागली, तिचं लग्न झालं. तिचे यजमान एका कलकत्त्याच्या पेढीच्या खामगावातल्या कापूसखरेदी ऑफिसात होते. काही वर्षांनी पेढीनं त्यांना थेट कलकत्त्याला नेलं. मध्ये एकदा उन्हाळ्यात कमल माहेरी आली तेव्हा म्हणाली होती, "बदली मागून मागून थकले हे. तिथले लोक सोडतच नाईत, शांते." तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच. आता आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई निवृत्त झाल्या होत्या. ती जागा दिवाळीपर्यंत भरू नका, म्हणून मी मोठ्या बाईंना गळ घातली होती. ही बातमी मी कमलला समोरासमोर देणार होते. नोकरी मिळतेय म्हटल्यावर यजमानही जोर लावतील, असा माझा हिशोब. विमलला तोंड उघडायची बंदी होती.

नागपूरला संत्री घेतली. पुढे दुपारभर जंगल, आणि मग भातशेती सुरू झाली ती संपेना. आपल्याकडे या दिवसांत नजर जाईल तिथं कापूस फुटलेला असतो. इथं सगळं पिवळं, ओलं, आणि प्रत्येक घरामागं एक तळं. दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा आलं. एवढं मोठं स्टेशन मी पाहिलं नव्हतं. हमालांच्या आरड्याओरड्यात बावरून उभी होते, तेवढ्यात "शांतेऽऽ" अशी हाक आली, आणि कमल माझ्या गळ्यात पडली. अंगानं भरली होती. तिनं पदर बंगाली पद्धतीनं घेतला होता, आणि त्याच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा होता.

तिच्या मागं एक उंच, सावळी बाई उभी होती. भांगात सिंदूर, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या. कमल म्हणाली, "ही रेणूदी. (दी म्हणजे थोरली बहीण.) आमच्या समोर राह्यते."

रेणूदीनं माझी पिशवी काढून घेतली आणि हसून म्हणाली, "काऊन वं शांता, लय थकली का?"

विमल हसून हसून बाकावर बसली. मला हसू आलं नाही. शाळेत आम्ही पोरींना 'का' म्हणा, 'काऊन' नको, असं शिकवायचो. तो शब्द फक्त अमडापूरच्या विहिरीवर मोकळा सुटायचा. तो कमलनं हिला देऊन टाकला होता.

हावड्याचा पूल आम्ही टॅक्सीतून ओलांडला. खाली गंगा, वर लोखंडाचं रान, आणि बैलगाड्या, बस, ट्राम, माणसं सगळं एकाच वेळी. विमल "बाप रे" एवढंच म्हणत होती. मी पुलाकडे पाहायचं सोडून आरशात दिसणाऱ्या रेणूदीकडे पाहत होते.

कमलचं बिऱ्हाड भवानीपूरला, दुसऱ्या मजल्यावर. एका गॅलरीवर समोरासमोर दोन दारं, एक तिचं, एक रेणूदीचं, आणि दोन्ही दिवसभर उघडी. रेणूदीची तीन मुलं "माशी, माशी" (मावशी) करत कमलच्या स्वयंपाकघरात शिरत. मी ट्रंकेतून कुरड्या, मुगवड्या, तीळ घालून केलेली चटणी आणि ज्वारीचं पीठ काढलं. उन्हाळ्यात माझ्या हातानं चीक गाळून घातलेल्या कुरड्या होत्या त्या. कमलनं डोळे मिटून वास घेतला. मग उठली, मोठं ताट आणलं, आणि निम्म्या कुरड्या मोजूनमापून समोरच्या घरी पाठवून दिल्या.

रात्री पानात भात, आणि तिच्या स्वतःच्या पानात मासा.

"काकूंना माहीत आहे का?" मी विचारलं. तिची आई माळकरी.

"नको सांगू वं," ती म्हणाली, आणि काटा अशा सफाईनं काढला की मला तिच्या बोटांचीही ओळख पटेना.

पुढचे दिवस आम्ही कलकत्ता पाहिलं. विलायतेच्या राणीचा संगमरवरी महाल पाहिला, त्याच्या बागेत शेंगा खाल्ल्या. जादूघरात (वस्तुसंग्रहालयाला तिथं असं म्हणतात) मिसर देशातलं, हजारो वर्षं मसाला लावून जपलेलं प्रेत पाहिलं. ते पाहून कमल आणि रेणूदी एकमेकींना कोपर मारून खुसखुसल्या. "काय झालं?" मी विचारलं. कमल म्हणाली, "लंबी गोष्ट हाये, मंग सांगतो." ती गोष्ट मला अजून कळलेली नाही. कालीघाटाला गर्दीत रेणूदीनं कमलचा हात धरला, कमलनं माझा, मी विमलचा. रेणूदी नसती तर कमलचा हात धरून पुढे मी असते, एवढाच विचार करत मी देवीसमोर पोचले, आणि काय मागायचं ते विसरले.

ट्राम मात्र मनापासून आवडली. घंटा वाजवत, झाडांखालून, कसलीच घाई नसल्यासारखी चालते. विमलला तिथलं मिष्टी दोई (मातीच्या भांड्यात लावलेलं गोड दही) इतकं आवडलं की ती दुकान दिसलं की थांबायची. रेणूदीनं मला विचारलं, "कैसा लगा?" मी म्हटलं, "ठीक आहे. पण आमच्या अमडापूरच्या बाजारातल्या पेढ्याची सर नाही." विमलनं माझ्याकडे चमकून पाहिलं. अमडापूरच्या बाजारातला पेढा मी कधी दुसऱ्यांदा तोंडात घातलेला नाही.

शेवटच्या आदल्या दिवशी गंगेपलीकडच्या मोठ्या बागेतला प्रसिद्ध वड पाहायला निघालो. घाटावरून बोट सुटते. कमल आणि विमल फळीवरून चढल्या, आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी वाकले. मागची माणसं ढकलत पुढे गेली, भोंगा वाजला, आणि बोट सुटली. कठड्याशी कमल हात हलवत काहीतरी ओरडत होती. वळून पाहिलं तर रेणूदी माझ्याशेजारी उभी. तिला चढता आलं असतं. ती माझ्यासाठी थांबली होती.

दुसऱ्या बोटीला वेळ होता. आम्ही पायऱ्यांवर बसलो. रेणूदीनं बांगडीतली पिन काढून माझी चप्पल जोडली. मला 'धन्यवाद' म्हणणंही जड गेलं.

ती पाण्याकडे पाहत होती. मग तिच्या बंगाली हिंदीत म्हणाली, "एक बात बोलेगा, गुस्सा नहीं करना. जब से तुम्हारा आने का खबर आया, कमल सिर्फ शांता, शांता. शांता ऐसा बोलता, शांता ऐसा हँसता. हमको तुम पर बहुत राग होता था." राग म्हणजे तिथंही रागच.

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

"हमको डर लगा," ती म्हणाली, "तुम उसको ले जाएगा. पिछला बरस भी ऐसा ही डर लगा था. जब उन लोगों का खामगाँव का बदली आया."

"बदली आली होती?"

"हाँ. साहब तो जाने को राजी था. कमल ही बोला, नहीं जाएगा. हम तो खुशी से रो दिया." आणि मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुमको नहीं बोला?"

नदीवरून माल लादलेले पडाव चालले होते. मी ते पाहत राहिले. दुसरी बोट आली तेव्हा रेणूदीनं हात पुढे केला, आणि तो धरल्याशिवाय मला त्या फळीवरून चढता आलं नाही.

तो वड म्हणजे झाड नव्हे, गाव आहे. मूळ खोड कधीच गेलंय म्हणतात, नुसत्या पारंब्यांवर उभा आहे. विमल त्या मोजायला निघाली आणि रेणूदी तिच्याबरोबर मुद्दाम गेली. मी कमलला विचारलं, "खामगावची बदली आली होती?"

कमल खाली बसली. पायापाशी पडलेलं पान उचलून त्याचे तुकडे करू लागली. "तिनं सांगतलं?"

"तिला वाटलं मला ठाऊक आहे. ते कोणालाही वाटलं असतं."

"कशी सांगू तुले?" ती म्हणाली. "तुह्या डोयात पानी आलं असतं, अन् मी आली असती वापस."

"मग यायचं! काऊन नाई आली?" माझ्याही तोंडून तोच शब्द गेला. "मी होती ना तिथं!"

"तू होती. पन तू शाळेतून आली की घडीभर होती, शांते. बाकीचा दिवस मलेच काढा लागे." तिचा आवाज चढला नाही. "तिथं कोनाच्या ओटीभरनाले गेली, की मले मांगं बसवत. बारशाले गेली, तर लेकरू माह्या हातात द्याले सासू भ्यायची. रस्त्यानं चालली, तर बाया पह्यले माह्या पोटाकडं पाह्यत, मंग तोंडाकडं. इथं रेणूदीनं पह्यल्याच दिवशी तिचा लहाना माह्या मांडीवर टाकला अन् म्हने, सांभाळ, मी बाजारात जाऊन येतो. काई विचारलं नाई तिनं."

शिवणाच्या बाईंची जागा जिभेवर होती. ती मी तशीच गिळली. विमल लांबून ओरडली, "मोजता मोजता चुकली वं मी!" आणि कमल डोळे पुसत हसली. मीही हसले. पण हेवा गेला नव्हता. उलट, आता कळत होतं की मला एकट्या रेणूदीचाच हेवा वाटत नव्हता. मला कमलचाही वाटत होता. तिला राहता येईल असं एक गाव सापडलं होतं, आणि ते माझं नव्हतं.

निघताना रेणूदी हावड्याला लुची (मैद्याच्या पुऱ्या) घेऊन आली. "फिर आना," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुम्हीही या खामगावला." दोघींनी एकमेकींकडे नीट पाहिलं. जेवढ्या मनापासून मी बोलावलं होतं, तेवढ्याच मनापासून तिनं बोलावलं होतं. गाडी हलली तेव्हा कमल पळत थोडं अंतर आली, आणि रेणूदी पळाली नाही. एवढं तिनं माझ्यासाठी सोडलं.

शाळा उघडली. मोठ्या बाईंना मी सांगितलं, जागा भरून टाका. माणूस नवी जागा पाहायला प्रवासाला जातो म्हणतात. मी आपली जुनी जागा पाहायला गेले होते. ती अजून आहे, पण तिथं आता दोघींना बसावं लागतं, आणि मला अंग चोरून बसायची सवय नाही. ती लागेलही. अजून लागलेली नाही.

पहिल्या रविवारी अमडापूरला कमलच्या आईकडे गेले. काकू ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. मी पूल सांगितला, ट्राम सांगितली, वड सांगितला. मासा नाही सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वापस येतीन का ते?"

"नाही काकू. आता तिथंच."

"खुश हाये का माही पोरगी?"

"हाव काकू," मी म्हटलं, "लय खुश हाये."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "मंग तू काऊन रडून राह्यली, माय?"