इंजिन बंद ठेवून केलेलं भाषण

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी गाडीचा सेल्फ मारला. ती दोनदा कण्हली आणि गप्प झाली. तिसऱ्यांदा नुसता ‘कट्’ असा आवाज आला. मागच्या सीटवर माझी धाकटी बहीण आईची मोतिया साडी नेसून, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत दाखले घेऊन बसली होती. अकरा वाजता तालुक्याच्या कचेरीत तिची अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी मुलाखत होती. गावात अशी जागा एकच असते आणि ती एकदा भरली की पुढची पंचवीस-तीस वर्षं पुन्हा निघत नाही. एवढं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

डिंभे धरणाच्या खालच्या अंगाला, रस्त्यापासून थोडी आत आमची वस्ती. सातची एसटी गेली की पुढची दुपारी बाराला, तीही आली तर. वडापची जीप बाजाराच्या दिवसाशिवाय इकडे फिरकत नसे. बहीण सातच्या एसटीनेच जाणार होती. मीच तिला थांबवलं. म्हणालो, “एसटीच्या गर्दीत साडी चुरगळून कशाला जातेस? आपल्या गाडीतून उतर की कचेरीच्या दारात. बघू दे त्यांना.” ते म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही. मी सदान्‌कदा ‘त्यांना’ काहीतरी दाखवत असे.

गाडी वडिलांची. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून सगळी नोकरी केली आणि सुटताना मंचरच्या एका डॉक्टरांची, त्यांनी टाकून दिलेली गाडी घेतली. दोन वर्षं एकट्याने खपून ती चालती केली. त्यानंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन व्हायचं होतं. तोवर ते ओट्यावर बसून गाडीच्या आवाजावरून तिची तब्येत सांगत आणि हात मी चालवत असे.

वडिलांची दुसरी कमाई म्हणजे पत्र्याची एक पेटी. तीत चाळीस वर्षांची पत्रकं होती. मोर्च्यांची, परिषदांची, निषेधांची, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. मी बाराखडी पाटीवर गिरवली असेल, पण वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर. त्यामुळे माझं बोलणंही तसंच झालं. घरात मीठ मागितलं तरी मागणीपत्र वाचल्यासारखं वाटतं, असं बहीण म्हणायची.

आदल्या दिवशी, जयंतीला, गाडीच्या टपावर भोंगा बांधला होता. गाडीच्याच बॅटरीवर ॲम्प्लिफायर जोडायचा, ही आमची दरवर्षीची रीत. वडिलांची एकच ताकीद असे. भोंगा वाजतो तोवर इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी बसते. मिरवणूक संपल्यावर संध्याकाळी मी गाडी मळेवाल्यांच्या वरच्या आळीच्या तोंडाशी उभी केली आणि माईक हातात घेतला. इंजिनाची घरघर माईकमध्ये येत होती. माझ्या वाक्यांच्या मागे ती सारखी ऐकू येई, एखादा म्हातारा मध्येमध्ये खाकरावा तशी. मी हात आत घालून इंजिन बंद केलं. मग सव्वादोन तास बोललो. कुणाच्या दारात उभं राहू नका, कुणाच्या बांधावर हात पसरू नका, असं बोललो. टाळ्या पडल्या. स्वतःचा आवाज इतका लख्ख मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी गाडी कशीबशी सुरू झाली, पण घर हाकेच्या अंतरावर होतं, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

सकाळचा तो ‘कट्’ ऐकताच ओट्यावरून वडील म्हणाले, “बॅटरी बसली. काल इंजिन चालू व्हतं ना?”

“होतं,” मी म्हणालो.

एवढंच. एक शब्द. बहिणीला काहीच माहीत नव्हतं. ती तेव्हा बायकांबरोबर विहारात खिरीच्या पातेल्यापाशी होती. भोंग्याचं तोंड वरच्या आळीकडे होतं, त्यामुळे आमच्या ओट्यावर नुसता गलका पोचला होता. आणि वडिलांना मी खोटं बोलेन हे सुचण्यासारखं नव्हतं. पेटीतल्या पत्रकांवर वाढलेला त्यांचा मुलगा.

“मग टर्मिनल बघ,” ते म्हणाले.

टर्मिनलवर पांढरी भुकटी होती. मी कढत पाणी ओतून, पॉलिश पेपरने घासून ती काढली आणि नट आवळले. सेल्फ मारला. कट्.

“अर्थची पट्टी बघ. ढिली पडती.”

ती ढिली नव्हती. तरी सोडवून पुन्हा बसवली.

“सेल्फचा दात अडकला आसंल. गेरमधी टाक आन् गाडी मागंपुढं हलव.”

हलवली. सेल्फवर पान्याच्या दांड्याने चार ठोके दिले. कट्. नऊ वाजून गेले होते. बहीण खाली उतरून उभी राहिली होती. बसून साडीला चुण्या पडतात म्हणून.

“दादा, ढकलून नाय का चालू व्हायची?” तिने विचारलं.

होणार होती. त्या क्षणी दुसऱ्या कशानेच होणार नव्हती. पण आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत चढ. सहा-सात माणसं लागणार. आणि वस्तीत त्या वेळी म्हातारी आणि लेकरं तेवढी होती. कांदा काढणीचे दिवस. बाप्ये, बाया, काल माझ्या भाषणाला टाळ्या वाजवणारे सगळे, दिवस उगवायला वरच्या आळीच्या मळ्यात कांदा उपटायला गेलेले. मळा आमच्या दारातून दिसतो. माणसं हवी तर त्या मळ्याच्या बांधावर जाऊन उभं राहायचं आणि मालकाला म्हणायचं, तात्या, घटकाभर माणसं सोडा. बारा तासांपूर्वी ज्याच्या दिशेने भोंगा वळवला होता, त्यालाच.

“ढकलून नको,” मी म्हणालो. “दोष शोधूनच काढतो.”

“सेल्फ खोल मग,” वडील म्हणाले.

मी गाडीखाली गेलो. दोन बोल्ट गंजलेले होते. त्यांवर रॉकेल सोडलं, वाट पाहिली, पाना घसरून बोटाची सालटी गेली. सेल्फ काढून ओट्यावर वडिलांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उघडून घेतला आणि आतले कार्बन बोटांच्या टोकांनी चाचपले, एखाद्या लेकराच्या हिरड्यांत दात शोधावेत तसे.

“कार्बन चांगलेत,” ते म्हणाले. “दिवाळीलाच बदललेत.” मग सेल्फ माझ्याकडे सरकवला. “लेका, मला तर बॅटरीच वाटती. नक्की व्हतं ना इंजिन चालू?”

“अण्णा, सांगितलं ना एकदा.”

मी चिडून बोललो. खोटं दुसऱ्यांदा सांगताना आवाज आपोआप चढतो. माझा तर चढायलाच शिकलेला होता. ते ओशाळले. म्हणाले, “बरं बरं. बसव परत.”

सेल्फ बसवून गाडीखालून बाहेर आलो तेव्हा दहा वाजले होते आणि बहीण दारात नव्हती. मोतिया साडी मळ्याच्या बांधावर दिसत होती.

ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. मागून वस्तीतल्यांनी सांगितलं. ती म्हणाली, “तात्या, मुलाखत हाय माझी. गाडी ढकलायला मानसं पायजेत.” मालक म्हणाला, “आमची सूनबाई बी गेली की सातच्या एसटीनं. तिच्यासंगट न्हाई गेलीस व्हय?” मग तो म्हणाला, “सोडतो की. एवढा वाफा उरकू द्या, मग जा समदी.” माणसं मान खाली घालून वाफा उरकू लागली. माझ्या बहिणीने पदर खोचला आणि वाफा लवकर संपावा म्हणून तीही त्यांच्यात बसून कांदे उपटू लागली. आईच्या मोतिया साडीत.

साडेदहाला सात माणसं आली. आणि आठवा तो स्वतः. धोतराचा सोगा खोचून त्याने गाडीच्या डिकीला खांदा लावला, तिथे माझंच पत्रक चिकटवलेलं होतं. लावता लावता मला म्हणाला, “काल लई झ्याक बोललास गड्या. आम्हाला शिव्या दिल्यास, पर शबूद न् शबूद ऐकू आला. दरसाल निसती घरघर ऐकू येती. यंदा कसं गुमान, झकास.”

मी स्टिअरिंगवर होतो. मला आरशात ओटा दिसत होता. वडिलांनी तोंड गाडीकडे वळवलं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता हे मला माहीत होतं, तरी मी मान फिरवली.

चढावर निम्म्यात क्लच सोडला. गाडी एकदा उसळली आणि सुरू झाली. अगदी निरोगी आवाजात.

आम्ही कचेरीत पोचलो तेव्हा अकरा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. बरोबर अकराला नावं पुकारली होती. बहिणीच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहून झालं होतं. कारकून वाईट माणूस नव्हता. बहिणीच्या नखांतल्या मातीकडे पाहून म्हणाला, “ताई, आता खोडता येत नाही.” बाहेर बाकावर मालकाची सून डबा उघडून बसली होती. तिने बहिणीला भाकरी देऊ केली. बहिणीने घेतली. मी घेतली नाही.

त्या आठवड्यात मी पत्रक काढलं. ‘एका वाफ्यासाठी’ असा मथळा. शिकलेल्या मुलीची नोकरी आणि मालकाचा कांदा, यात मालकाने काय निवडलं, ते लिहिलं. वाफ्याचा अर्धा तास लिहिला, साडीवरचे डाग लिहिले. त्यातला शब्द न शब्द खरा होता. घोडेगावपासून जुन्नरपर्यंत लोकांनी ते वाचलं. कॉलेजातल्या मुलांनी पाठ केलं. मालकाने म्हणे ते एकदा वाचून घेतलं आणि विचारलं, “आन् म्या धक्का दिला ते न्हाई का लिव्हलं?”

वडिलांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी पुरतं ऐकलं. पेटीत ठेवू का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, “तुज्याकडंच ऱ्हाऊ दे.” त्यांची ती पेटी त्यानंतर त्यांनी मला उघडायला सांगितली नाही. गाडीच्या आवाजावरूनही पुन्हा काही सांगितलं नाही. डोळे बरे झाल्यावर ते स्वतःच बॉनेट उघडू लागले.

सून आता सेविका आहे. माझी बहीण कांद्याच्या दिवसांत तिच्याच मळ्यात जाते. ती बारावी शिकलेली आहे आणि तिचं अक्षर सुंदर आहे. मला ते ठाऊक आहे, कारण माझ्या पत्रकाची एक प्रत तिने वाचून माझ्या उशाशी ठेवली होती. ‘मालकाने अर्धा तास खाल्ला’ या ओळीखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं: साडेआठ ते दहा?

मी अजून पत्रकं लिहितो. तिला उत्तर लिहिलेलं नाही.